रोबोला रात्रपाळी नको!



इकडे घर घेतलं की सायकली, सोफा आणि मॉर्गेज यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आपोआप गळ्यात पडते, ती म्हणजे मागची बाग. पुण्या-मुंबईला सोसायटीचा माळी असायचा, आणि गावाकडे गवत म्हणजे गुरांचा चारा. इथे मात्र एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला लॉन कापायचं काम घरच्यांच्याच डोक्यावर! शनिवारी मराठी शाळा, रविवारी कुणाकडे तरी जेवण, मग गवत कापणार कधी? म्हणूनच आपल्याकडच्या बऱ्याच घरांत आता गवत कापणारा रोबो आला आहे किंवा येऊ घातला आहे.

यंत्र चांगलं आहे, यात वाद नाही. पण गेल्या काही वर्षांत युरोपात या यंत्रावरून एक वेगळाच वाद उभा राहिला आहे. तो आपल्या मागच्या दारापर्यंत येऊन पोचला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

यंत्र चालतं कसं?

स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने १९९५ साली सौर ऊर्जेवर चालणारा पहिला रोबो बाजारात आणला. त्यानंतरची बरीच वर्षं सगळ्या कंपन्यांचं तंत्र साधारण एकच होतं. बागेच्या कडेने एक बारीक तार पुरायची, तिच्यातून हलका विद्युत संदेश सोडायचा आणि तो ओळखून यंत्राने वळायचं. म्हणूनच जुने रोबो वाट चुकल्यासारखे वेडेवाकडे फिरताना दिसतात. हल्लीचे रोबो उपग्रहाचा संदेश, कॅमेरा किंवा लेसर वापरतात आणि सरळ ओळीत गवत कापतात. (आपल्या रांगेतल्या घरांत दोन्ही बाजूंना भिंती आणि वर एवढंसं आभाळ, त्यामुळे उपग्रहावर चालणारं यंत्र अडखळू शकतं. विकत घेण्याआधी हे नक्की विचारा.)

पाती मोठी नसतात, दाढीच्या ब्लेडसारखी छोटी आणि फिरत्या चकतीला लावलेली असतात. गवत रोज थोडं थोडं कापलं जातं आणि त्याचा भुगा तिथेच पडून खत होतो. यंत्र उचललं किंवा कललं तर पाती थांबतात. कशाला तरी धडकलं तर ते मागे फिरतं. कळीचा मुद्दा हा 'धडकण्याचा'च आहे.

काटेरी शेजारी

डच लोक ज्याला 'एखल' म्हणतात तो हेजहॉग आपल्यापैकी अनेकांनी बागेत पाहिला असेल. दिसायला आपल्या साळिंदराचं पिल्लू वाटतो, पण नात्याने तो चिचुंद्रीच्या जवळचा. किडे, अळ्या आणि गोगलगायी हे त्याचं खाणं, म्हणजे बागेचा फुकटचा राखणदारच. तो दिवसभर झोपतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. संकट आलं की पळत नाही, अंगाचा गोळा करून जागच्या जागी बसतो. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालते, फिरत्या पात्यापुढे चालत नाही.

डॅनिश संशोधक सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. आधीच मेलेले हेजहॉग वापरून त्यांनी १८ प्रकारचे रोबो तपासले. निष्कर्ष साधा पण अस्वस्थ करणारा होता. एकाही यंत्राला प्राण्याला स्पर्श होण्याआधी त्याची चाहूल लागली नाही. २०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची पिल्लं तर एकाही यंत्राला ओळखता आली नाहीत. याचं कारण समजण्यासारखं आहे. धडक ओळखायला समोरून काही जोर लागावा लागतो, आणि दीडशे ग्रॅमचं पिल्लू काही किलो वजनाच्या यंत्राला कसला जोर लावणार? मात्र सगळी यंत्रं सारखी नव्हती. काहींनी मोठी इजा केली, तर काहींनी अजिबात केली नाही.

जर्मनीतल्या लायबनित्स संस्थेच्या आने बर्गर यांनी जून २०२२ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या ३७० जखमी हेजहॉगांची नोंद अभ्यासली. बागेच्या विजेवरच्या यंत्रांनी कापले गेलेले हे प्राणी होते आणि त्यातले जवळजवळ निम्मे दगावले. यात सगळा दोष रोबोंचाच होता असं नाही, गवताच्या कडा कापणारी हातातली यंत्रंही त्यात येतात. पण चित्र पुरेसं स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, युरोपीय हेजहॉगला 'धोक्याच्या उंबरठ्यावर' असलेल्या प्राण्यांच्या वर्गात टाकलं.

कुणी म्हणेल, रस्त्यावर गाड्यांखाली त्याहून जास्त मरतात. गाड्या हे मोठं कारण आहेच. बागांमधल्या फरशा, कृत्रिम गवत आणि बंदिस्त कुंपणं हीही कारणं आहेत. पण रस्ते काही आपण बंद करू शकत नाही. रोबोचं घड्याळ मात्र आपल्या फोनमध्ये आहे!

कायदा कुठे चालला आहे?

जर्मनीतल्या कोलोन शहराने २०२४ मध्ये रोबोला रात्री चालवायला बंदी घातली. जर्मनीतल्या इतरही काही शहरांनी तोच रस्ता धरला. कोलोन आपल्यापासून गाडीने तीन तासांच्या आत आहे, त्यामुळे हा विषय इथल्या नगरपालिकांच्या टेबलावर येणारच नाही असं समजण्याचं कारण नाही.

दुसरी बाजू यंत्र बनवणाऱ्यांची. युरोपीय संघाचा यंत्रांविषयीचा नवा नियम २०२३ साली मंजूर झाला आणि त्याच्या अंमलाची तारीख २० जानेवारी २०२७ ठरली. स्वतःहून फिरणाऱ्या यंत्रांचा त्यात स्पष्ट विचार आहे. पण तो विचार माणसाच्या सुरक्षिततेचा आहे. लहान मुलाच्या पायासाठी चाचणी असते, पिल्लाच्या पाठीसाठी नाही. म्हणूनच रासमुसेन यांच्या गटाने पुढे त्रिमिती छपाईने हेजहॉगचे नकली पुतळे बनवले आणि गाड्यांची टक्कर-चाचणी असते तशी रोबोंची चाचणी सुचवली. ही चाचणी सक्तीची झाली तर यंत्रं आपोआप सुधारतील.

सुधारणा काय हवी, हेही २०२१ च्या अभ्यासात दिसलं. धक्का बसताच आत वळणारी पाती, पात्यांखाली संरक्षक तबकडी आणि पुढच्या चाकांवर चालणारी रचना असलेल्या यंत्रांनी कमी इजा केली. विकत घेताना दुकानदाराला 'ॲपमध्ये काय काय आहे' हे विचारण्याआधी हे तीन प्रश्न विचारा.

एकात चार यंत्रं?

सध्या आणखी एक प्रकार गाजतो आहे, जोडयंत्राचा. चाकं, बॅटरी आणि मेंदू एकच, आणि पुढचं अवजार बदलायचं. उन्हाळ्यात गवत कापा, शरदात पानं उडवा, हिवाळ्यात बर्फ ढकला. यार्बो नावाचं यंत्र या प्रकारात विशेष प्रसिद्ध आहे, आणि त्याची सुरुवात बर्फ हटवण्यापासूनच झाली. कल्पना उत्तम आहे, कारण दर अवजाराला वेगळी बॅटरी आणि वेगळी मोटर लागत नाही. पण ही यंत्रं अमेरिकेतल्या ऐसपैस आवारांसाठी घडवलेली. आपल्या टेबल, झोपाळा आणि सायकलींच्या शेडमधून उरलेल्या हिरवळीला ती म्हणजे मुंगीला हत्तीची झूल.

मात्र या कल्पनेचा गाभा आपण उचलावा असा आहे. यंत्राचे भाग सुटे झाले पाहिजेत आणि ते घरी बदलता आले पाहिजेत. युरोपच्या २०२३ च्या बॅटरी नियमात तर त्यासाठी तारीखच आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या सामान्यतः ग्राहकाला स्वतः काढता याव्यात, असं त्यात ठरवलं आहे. बॅटरी दमली म्हणून अख्खा रोबो भंगारात, हे परवडणारं नाही. त्यापेक्षा रांगेतल्या चार घरांनी मिळून एक साधं, हाताने ढकलायचं यंत्र घेतलं तर? पाच-सहा मीटरच्या लॉनला ते दहा मिनिटांत पुरतं, आणि शेजाऱ्याशी दोन शब्द डच बोलणंही होतं.

आपला खास प्रश्न: उन्हाळ्याची सुट्टी

आता मुद्द्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की आपली निम्मी मंडळी भारतात जातात, चार-चार आठवडे. घर बंद, पडदे ओढलेले, आणि मागे रोबो मात्र इमानेइतबारे चालू. हेजहॉगची पिल्लं घरट्यातून बाहेर पडायला लागतात तीही याच दिवसांत. त्यांचं वजन कमी, आणि घरात बघायला कुणी नाही. एरवी शेजारी जखमी प्राणी बघून १४४ या प्राण्यांच्या मदत क्रमांकावर फोन तरी करेल, पण बंद कुंपणाआडचं त्याला दिसणार कसं?

म्हणून माझं सुचवणं एवढंच:

- सुट्टीवर जाताना रोबो बंद करून जा. गवत वीतभर वाढलं तर काही बिघडत नाही. उलट कोरड्या उन्हाळ्यात उंच गवत कमी करपतं.
- एरवी तो भर दिवसा चालवा, सकाळी दहा ते दुपारी दोन. तेव्हा मुलं शाळेत असतात. बुधवारी अनेक शाळा लवकर सुटतात, त्या दिवशी रोबोलाही अर्धी सुट्टी द्या. अनवाणी पाय आणि फिरती पाती एका वेळी बागेत नकोत.
- संध्याकाळी नाही, रात्री तर नाहीच. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे 'अजून उजेड आहे' यावर जाऊ नका.
- उंच वाढलेलं गवत कापण्याआधी पायाने हलवून बघा.
- कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवा, आणि दिवाळीच्या सुमारास पडलेल्या पानांचा ढीग एका कोपऱ्यात राहू द्या. हिवाळाभर झोपायला त्याला तेवढंच लागतं.

शेवटी

आपण राहतो ती जमीनच यंत्रांनी घडवली आहे. वाफेच्या तीन पंपांनी हार्लेमरमेअरचं पाणी १८५२ पर्यंत उपसलं आणि पुढच्याच वर्षी तिथे आपलं हूफडॉर्प वसायला लागलं. क्रुकिउसचा तो पंप आजही संग्रहालयात बघायला मिळतो. समुद्रसपाटीच्या चार-पाच मीटर खाली राहणाऱ्यांनी यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या पंपांजवळ माणसं उभी असायची. रोबोचा सगळा सौदाच मुळी 'जवळ कुणी नको' हा आहे, आणि म्हणून त्याच्या वेळा ठरवण्याची जबाबदारी मालकावर जास्त येते.

नगरपालिका नियम करील तेव्हा करील. पाहुण्या देशात नियम यायच्या आधीच चांगली सवय लावून घेतली, तर शेजारी आपली आठवण नक्की ठेवतील. आज रात्री जेवणं झाल्यावर फोन उघडा आणि रोबोचं वेळापत्रक एकदा बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.