कोऱ्या पानात आधीच काय भरलेलं असतं?

भंडारा असो, तुमसर असो की पवनी, तहसील कार्यालयाच्या आजूबाजूला टायपिंग आणि झेरॉक्सची दोन-चार दुकानं असतातच. तिथे अर्ज, प्रतिज्ञापत्र किंवा संमतीपत्र करून घ्यायला गेलं की टाइप करणारा मुलगा नवीन पान उघडत नाही. तो कालची फाइल उघडतो, त्यातलं नाव खोडून आपलं घालतो, तारीख बदलतो आणि प्रिंट हातात देतो. याला दुकानात ‘फॉरमॅट’ म्हणतात. एकच मॅटर असं वर्षानुवर्षं माणसं बदलत फिरत राहतं. त्यात कधी मागच्या माणसाची जात तशीच राहून जाते, कधी मुलीच्या अर्जात ‘माझा मुलगा’ राहतो. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. रांगेत दहा माणसं उभी असताना तो दुसरं काय करणार?

प्रश्न आपला आहे. आपल्या मजलिशींत आरक्षण, शिक्षण, सुरक्षितता, वक्फ यांवर तासन्‌तास बोललं जातं, आणि बोललं गेलंच पाहिजे. पण यातल्या प्रत्येक विषयाचा कागद शेवटी कुठल्यातरी संगणकावर टाइप होतो. त्या संगणकातला फॉन्ट आणि नमुना कोणी ठरवला, हे आपण विचारत नाही. पान कोरं दिसतं, पण त्यात अक्षराचं वळण, आकार, समास, भाषा हे सगळं आधीच ठरलेलं असतं. तुम्ही काही ठरवलं नाही, तर दुसऱ्याने ठरवलेलं चालू राहतं.

आधी नावाचं बघू. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुसलमानांत ‘शेख करीम शेख रहीम’ अशी नावं सर्रास असतात. पहिला जोड स्वतःचा, दुसरा वडिलांचा. महाराष्ट्रातल्या अर्जाचा नमुना मात्र आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा तीन चौकटींचा. मग एका कागदावर आडनाव ‘शेख’ होतं, दुसऱ्यावर ‘रहीम’, तिसऱ्यावर ‘शेख रहीम’. ‘खान’ आणि ‘खाँ’, ‘सैयद’ आणि ‘सय्यद’, ‘बी’ जोडलेलं आणि सुटं, हे आणखी वेगळं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. आता क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आहे. निर्णय चांगला आहे, आईला कागदावर जागा मिळाली. पण वडिलांच्या नावापुढचा ‘शेख’ या क्रमात नेमका कुठे बसवायचा, हे प्रत्येक दुकानदार आपल्या समजुतीने ठरवतो.

हा किरकोळ घोळ वाटत असेल तर इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढायला गेलेल्या पिंजारी किंवा मोमीन कुटुंबाला विचारा. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून नातवाच्या अर्जापर्यंत नावांची साखळी जुळवावी लागते. आजोबांच्या वेळी गुरुजींनी शाईने काय लिहिलं ते आता बदलता येत नाही. पण नातवाच्या कागदांवर तरी एकच लेखन राहावं, हे आपल्या हातात आहे. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं मराठी आणि इंग्रजी लेखन एकदा ठरवून एका फाइलमध्ये ठेवलं आणि दर वेळी तिथूनच उचललं, तर निम्मी कटकट कमी होते. टेम्प्लेट म्हणजे तरी दुसरं काय?

आता फॉन्टकडे येतो. आपल्या भागात हिंदीचा शेजार आहे. तुमसरच्या पुढे बालाघाट लागतं. त्यामुळे दुकानांत कृतीदेव खोलवर रुजलेला आहे. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढी पाच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट हा वरचा मुखवटा. तो नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांची आणि उर्दूतल्या जुन्या इनपेजची गोष्टही थोड्याफार फरकाने हीच. या साधनांनी आपापल्या काळात मोठं काम केलं, हे मान्यच. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातावर अवलंबून होती. पण त्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, अंध वाचकाच्या संगणकाला मोठ्याने म्हणून दाखवता येत नाही. सोलापुरात १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्यानंतरच्या काळात आपल्या लोकांनी मराठीत जे लिहिलं, त्यातलं जे जे जुन्या फॉन्टमध्ये अडकलं आहे ते असूनही नसल्यासारखंच आहे. ‘मुसलमान मराठीत लिहितात कुठे?’ असं विचारणाऱ्याला दाखवायला गेलं तर ते सापडतच नाही.

म्हणून पहिली अट युनिकोड. याबाबत मी तडजोडीच्या बाजूने नाही. दुकानदार ‘कृतीदेवमध्येच देतो’ म्हणाला तर दुकान बदलावं.

पण युनिकोडमध्ये आलो म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डचा नेहमीचा फॉन्ट आधी टाइम्स न्यू रोमन होता, २००७ च्या आवृत्तीपासून कॅलिब्री झाला, आणि २०२३ पासून ॲप्टोस आला. या बदलांवर जगभर लेख लिहिले गेले. आपल्याला त्याचं फारसं काही नाही, कारण कॅलिब्री किंवा ॲप्टोस यांच्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. तुम्ही मराठी टाइप केलं की वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट आणून बसवतो. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ नोंदवलेला असतो. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी केलेला हा फॉन्ट पडद्यासाठी उत्तम होता. पण विंडोज १० पासून तो मूळ संचात नाही. विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडली तरच तो येतो. म्हणजे ज्या फॉन्टवर भरवसा, तोच दुकानातल्या संगणकावर असेल याची खात्री नाही. दोन पानी अर्ज तिथे जाऊन तीन पानी होतो तो बरेचदा यामुळे.

फॉन्टने काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्यांना शेजारच्या देशातलं प्रकरण आठवत असेल. २०१७ मध्ये पाकिस्तानात पनामा प्रकरणाच्या तपासात मरियम नवाज यांच्या बाजूने एक दस्तऐवज सादर झाला. त्यावर तारीख फेब्रुवारी २००६ ची होती आणि अक्षरं कॅलिब्रीची. हा फॉन्ट सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोचला २००७ मध्ये. तपास पथकाने नेमकं यावर बोट ठेवलं. त्याआधी चाचणी आवृत्तीत तो मिळत होता, असा बचावही झाला. खरं-खोटं बाजूला ठेवू. ज्याने तो कागद टाइप केला, त्याने फॉन्ट बहुधा निवडलाच नसणार. तो आपोआप आला आणि साक्षीला उभा राहिला.

आता मराठी मुसलमानाची खास अडचण. वर्डमध्ये अक्षरांसाठी वेगवेगळे कप्पे आहेत. एक इंग्रजीसारख्या लिप्यांचा, एक चिनी-जपानीचा आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्यांचा. देवनागरी या शेवटच्या कप्प्यात. अरबी आणि उर्दूही त्याच कप्प्यात. आणि कप्प्याला फॉन्ट एकच. इंग्रजी आणि मराठी मिसळून लिहिणाऱ्याला हा त्रास नाही, त्याचे कप्पे वेगळे आहेत. सीरतवर मराठीत पुस्तिका लिहिणारा, मध्येच आयत देणारा, उर्दू शेर देणारा माणूस मात्र कोंडीत सापडतो. कप्प्यात मंगल ठेवला तर अरबी मजकूर कुठल्यातरी पर्यायी फॉन्टमध्ये पडतो. नस्तालीक ठेवला तर मराठीला पर्यायी फॉन्ट लागतो, ओळींमधलं अंतर बिघडतं आणि पान विस्कटतं. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर एकतर हिंदी-मराठी लिहिणारा होता, नाहीतर अरबी-उर्दू लिहिणारा. दोन्ही एकाच पानावर लिहिणारा माणूस असतो हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांच्या हिशेबातही तो नसतोच.

मग या कप्प्यात मूळ फॉन्ट कोणता ठेवायचा? माझं मत स्पष्ट आहे, मराठीचा. काही बुजुर्गांना हे रुचणार नाही. उर्दू आपली, मराठी कचेरीची, अशी एक विभागणी अनेक घरांत आहे. पण आपल्या जमातींची पत्रकं, रक्तदान शिबिरांची निमंत्रणं, ग्रामपंचायतीला दिलेली निवेदनं, मुलांचे निबंध हे सगळं आता मराठीत होतं. ज्या भाषेत पान भरतं ती पानाची मूळ भाषा. आणि खुद्द कचेरीच्या मराठीकडे बघा: अर्ज, तारीख, दाखला, नक्कल, दस्तऐवज, मजकूर, नमुना. फारसी-अरबी काढून घेतली तर मराठी अर्जात उरेल काय? ही भाषा परक्याची म्हणून वापरायचं कारण नाही.

उर्दू आणि अरबीचा मान यात कमी होत नाही, उलट वाढतो. त्यांच्यासाठी वेगळ्या स्टाइल कराव्यात. एक ‘उर्दू’ नावाची: उजवीकडून डावीकडे, फॉन्ट उर्दू टाइपसेटिंग किंवा नोटो नस्तालीक, ओळींमधलं अंतर जास्त, कारण नस्तालीक तिरपं उतरतं आणि त्याला उंची लागते. दुसरी ‘आयत’ नावाची: अमिरी किंवा शहरजादसारखा नस्ख फॉन्ट, ज्यात जेर-जबर आणि वक्फच्या खुणा नीट बसतात. कुरआनचा मजकूर पर्यायी फॉन्टच्या भरवशावर सोडणं मला पटत नाही. एखादी खूण सरकली तरी वाचणारा अडखळतो. छापण्यापूर्वी एखाद्या हाफिजांना दाखवून घ्यावं, ते वेगळंच.

करायची रीत अवघड नाही. आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये आणि वर्डच्या भाषेच्या पर्यायांत मराठी आणि उर्दू जोडा. कोरं पान उघडून कंट्रोल आणि डी दाबा. चौकटीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग दिसेल. तिथे फॉन्ट आणि आकार निवडा, खालचं ‘सेट ॲज डीफॉल्ट’ दाबा आणि ‘सर्व दस्तऐवजांसाठी’ हा पर्याय घ्या. आकार तिथेच बदलायचा, कारण इंग्रजीचा आणि मराठीचा आकार वेगवेगळा नोंदवला जातो. अनेकांचं ‘आकार बदलतच नाही’ हे रडगाणं इथलंच असतं. स्टाइल तयार झाल्या की फाइल ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून साठवा. टेम्प्लेटवर दोनदा क्लिक केलं की दर वेळी नवी प्रत उघडते, मूळ फाइल शाबूत राहते. मागच्या माणसाची जात पुढच्याच्या कागदावर जाण्याची पाळी येत नाही. लिब्रेऑफिस फुकट आहे, लहान संस्थांनी तेच वापरावं. त्यात भाषेच्या पर्यायांत जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करायचं, मराठी निवडायची आणि रायटरच्या ‘बेसिक फॉन्ट्स’मध्ये फॉन्ट ठरवायचा.

उर्दू-अरबी सुरू केल्यावर वर्डच्या पर्यायांत ‘हिंदी अंक’ असं काही दिसलं तर चकू नका. अरबी मजकुरात त्याने अरबी वळणाचे अंक येतात. अरब लोक त्या अंकांना हिंदी म्हणतात आणि युरोप आपल्या अंकांना अरबी म्हणतो. दोघेही उधारी कबूल करतात, एवढं मात्र छान आहे.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणाची रूपं मान्य केली आहेत, पण बाजारातले बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, दोन्ही विनामूल्य आहेत.

नुक्त्याबद्दलही एक सांगतो. उर्दू शब्द मराठीत लिहिताना ज, ख, फ खाली टिंब देण्याची हौस आपल्यातल्या शिकलेल्यांना फार. मराठीला ते नको आहे. जमीन, बाजार, हजार यांतला ज मराठी माणूस टिंबाशिवाय बरोबर उच्चारतो. आणि संगणकासाठी टिंबाचा ज आणि बिनटिंबाचा ज ही वेगळी अक्षरं आहेत. एका यादीत नाव टिंबासह आणि दुसरीत टिंबाविना असेल, तर शोधताना एक सापडेल आणि एक सापडणार नाही. नावांत तर टिंब मुळीच नको.

हे टेम्प्लेट एकाने करून पेन ड्राइव्हवर जमातीच्या दफ्तरात, वाचनालयात आणि जवळच्या टायपिंगच्या दुकानात द्यावं, फॉन्टच्या फाइलींसकट. दुकानदाराने फॉन्ट बसवला नाही तरी चालेल. वर्डच्या ‘सेव्ह’च्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच गुंडाळून ठेवायची सोय आहे, ती चालू करून फाइल द्यायची. आणि छपाईला पाठवायचं असेल तर सरळ पीडीएफ करूनच न्यायचं.