पडलात? आधी कारण शोधा!

ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे, हे आधी क्लिअर करू. चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट अशा ठिकाणी फी भरून बंद ट्रॅकवर बाइक चालवता येते. ट्रॉफी नाही, नंबर नाही. तरी पुण्या-मुंबईचे रायडर त्यासाठी हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करतात.

तिथे पडणं काही नवलाचं नाही. वळणावर टायरची पकड सुटते, बाइक आडवी होते आणि रायडर तिच्यासोबत घसरत जातो. याला ‘लो-साइड’ म्हणतात. अंगात लेदर सूट, डोक्यावर फुल फेस हेल्मेट आणि बाजूला मोकळी जागा असेल, तर अनेकदा खरचटण्यावर निभावतं.

पडल्यावरचं पहिलं वाक्य मात्र सगळीकडे सेम असतं. ‘अरे, टायर थंड होते’, नाहीतर ‘वाळू होती रे!’ असेलही. पण चांगला इन्स्ट्रक्टर तिथे थांबत नाही. टायर थंड होते, तर पहिल्याच लॅपला एवढा वेग कशाला? वळताना नजर कुठे होती? ब्रेक कधी सोडलास? पिकअप एकदम दिलास का?

या प्रश्नांमागे साधं गणित आहे. टायरकडे पकडीचा ठरावीक साठा असतो. ब्रेक, वळण आणि पिकअप या तिघांना तो वाटून घ्यावा लागतो. बाइक पूर्ण झुकलेली असताना पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर साठा संपला आणि बाइक खाली! एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण साधं एबीएस झुकलेल्या बाइकला सावरेलच याची गॅरंटी नाही. दुसरी चूक नजरेची. घाबरल्यावर आपण खड्ड्याकडे बघत राहतो आणि बाइक नेमकी तिकडेच जाते.

आता रस्त्यावर या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 लोक गेले. त्यातले सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, मार्शल झेंडा दाखवतो, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते. ताम्हिणी घाटात तीच चूक केलीत, तर समोरून एसटी येत असते.

ट्रॅकही शंभर टक्के सेफ नाही. ऑगस्ट 2023 मध्ये याच मद्रास सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत 13 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. म्हणून छोटं पडणं ही वॉर्निंग समजायची. आपण काय करतो? एक तर रील टाकतो, नाहीतर ‘घरी सांगू नकोस’ म्हणून विषय संपवतो. दोन्हीत कारण तसंच राहतं, आणि पुढच्या वळणावर तेच परत घडू शकतं.

मग करायचं काय? पडल्यावर लगेच बाइकवर बसू नका. अंगातल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे दुखणं कळत नाही. डोकं आपटलं असेल, चक्कर किंवा मळमळ होत असेल, तर थेट डॉक्टरकडे जा. आपटलेलं हेल्मेट बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसं संरक्षण देत नाही. हँडल, ब्रेक लिव्हर, फूटपेग तपासा, ऑइल गळतंय का बघा.

मग शांतपणे तीन ओळी लिहा : वेग किती होता, नजर कुठे होती, हातांनी काय केलं. ‘वाळू होती’ लिहिलंत, तर त्यापुढे ‘ती मला आधी का दिसली नाही?’ हेही लिहा. ट्रॅकची फी परवडत नाही? हरकत नाही. रिकाम्या मैदानावर, पूर्ण गिअर घालून, कमी वेगात सरळ रेषेत ब्रेकिंगची प्रॅक्टिस करा. आणि ग्रुपमधला कोणी पडला, तर फोटो मागण्याआधी त्याला विचारा, ‘नक्की काय झालं?’