विश्लेषण : मूल खाते चार घास, बिल मात्र जवळपास पूर्ण ताटाचे! थीम पार्कमधील जेवणाचे गणित काय?

सुट्ट्या लागल्या की जालना, अंबड, परतूर, भोकरदनकडची कुटुंबे हल्ली समृद्धी महामार्गावरून शिर्डी गाठतात. साईबाबांचे दर्शन झाले की मुलांचा हट्ट वॉटर पार्कचा असतो. तिकिटाचा खर्च घरातून निघतानाच ठरलेला असतो. अंदाज चुकतो तो दुपारच्या जेवणाला. पाण्यात खेळून आलेले पाच वर्षांचे मूल अर्धी पोळी, दोन चमचे भात आणि एक गुलाबजाम खाऊन उठते. बिलात मात्र त्याच्या नावावर मोठ्या माणसाच्या जवळपास जाणारा आकडा असतो. हे असे का होते, कायदा काय म्हणतो आणि पालकांच्या हातात काय आहे, याचा हा आढावा.

हा प्रश्न जालनेकरांसाठी आताच का महत्त्वाचा?

कारण अंतर कमी झाले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत एक्स्प्रेस ३० डिसेंबर २०२३ पासून धावू लागली. शिर्डीतील ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्क आणि ‘साई तीर्थ’ थीम पार्क, लोणावळ्याचे वॉटर पार्क, खोपोलीजवळचे २०१३ मध्ये सुरू झालेले ‘इमॅजिका’ ही ठिकाणे आता जालन्याच्या कुटुंबांना आवाक्यातली वाटतात. मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनी पाहिलेले गोराईचे ‘एस्सेलवर्ल्ड’ २०२२ मध्ये बंद झाल्यापासून खोपोली, लोणावळ्याकडचा ओढा आणखी वाढला.

मोसंबीचे किंवा कापसाचे पैसे हाती आल्यावर वर्षातून एकदा अशी सहल काढणाऱ्या कुटुंबाला पाचशे-सहाशे रुपयांचा फरक लहान नसतो. घरात दोन-तीन मुले असतील, सोबत भावाची मुले असतील, तर हा फरक हजारांत जातो.

लहान मुलाला खरोखर किती अन्न लागते?

याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. ‘आयसीएमआर’च्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी लागतात, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला सुमारे १,७००. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २,११० आणि स्त्रीची १,६६० किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची दिवसभराची गरज मोठ्यांच्या सरासरीच्या ७२ टक्के इतकी भरते.

मग मूल ताटावर कमी का खाते? कारण त्याचे पोट लहान असते आणि ते आपली गरज दिवसभरात पाच-सहा वेळा थोडे थोडे खाऊन भागवते. त्यात ऊन, पाणी, झोपाळे आणि पुढच्या राइडची घाई. एका बैठकीत ते मोठ्याच्या एक तृतीयांश किंवा फार तर निम्मे खाते आणि तासाभराने ‘भूक लागली’ म्हणते. म्हणून पालकांना एकाच मुलासाठी दोनदा पैसे मोजावे लागतात. आधी न संपलेल्या जेवणाचे, नंतर चिप्स आणि मक्याच्या कणसाचे.

मुलांसाठी वेगळे माप ठरवणे अवघड आहे का?

सरकारने ते कधीच ठरवले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळणाऱ्या पीएम पोषण योजनेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्याला १०० ग्रॅम धान्य, ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला १५० ग्रॅम धान्य, ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा या एका जेवणात येतो. १ मे २०२५ पासून या जेवणासाठीचा साहित्य खर्च प्राथमिकसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे प्रति विद्यार्थी आहे. त्यात धान्य आणि स्वयंपाकी-मदतनिसांचे मानधन धरलेले नाही, त्यामुळे या रकमेची तुलना हॉटेलच्या दराशी करता येणार नाही. मात्र वयानुसार माप आणि मापानुसार खर्च ही पद्धत गावच्या शाळेत रोज चालते, एवढे यातून दिसते.

एसटीतही पाच वर्षांखालील मूल मोफत आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट, हा हिशेब आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डवर अर्ध्या तिकिटाचा हा विचार क्वचितच दिसतो.

पैसे नेमके कुठे जातात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पार्कमधील बुफे मोठ्यांसाठी ५०० रुपये आणि मुलांसाठी ३५० रुपये आहे. आई-वडील आणि दोन मुलांचे बिल झाले १,७०० रुपये. मूल मोठ्याच्या ४० टक्के खाते असे धरले, तर चौघांनी मिळून खाल्ले २.८ ताटे. म्हणजे प्रत्यक्षात एक ताट पडले साधारण ६०७ रुपयांना. नुसत्या मुलांचा हिशेब केला तर ३५० रुपयांत ०.४ ताट, म्हणजे पूर्ण ताटाचा दर ८७५ रुपये. ‘मुलांसाठी ३० टक्के सवलत’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी मुलाचे अन्न मोठ्यापेक्षा पाऊणपट महाग पडले.

यातून एक सोपा नियम निघतो. मुलाच्या दराला मोठ्याच्या दराने भागा. वरील उदाहरणात उत्तर येते ०.७. आपले मूल मोठ्याच्या ७० टक्क्यांहून कमी खात असेल, तर तो बुफे त्याच्यासाठी तोट्याचा. याच कुटुंबाने ३०० रुपयांच्या तीन प्लेट मागवून चौघांत वाटल्या आणि संध्याकाळी मुलांना शंभर-शंभर रुपयांचा खाऊ घेतला, तर खर्च १,१०० रुपये होतो. फरक ६०० रुपयांचा.

मग पार्कवाले अर्धी प्लेट का देत नाहीत?

त्यांचीही बाजू आहे. प्लेटच्या दरात कच्च्या मालाचा वाटा मर्यादित असतो. स्वयंपाकघर, कर्मचारी, वीज, जागा हा खर्च प्लेट अर्धी केली म्हणून अर्धा होत नाही. पार्कला गर्दी शनिवार-रविवारी आणि सुट्टीत. इतर दिवशी टेबले रिकामी. त्या दिवसांचा खर्चही गर्दीच्या दिवशीच वसूल करावा लागतो. बुफेत कोण किती खाणार हे आधी कळत नाही, म्हणून दर सरासरीवर ठरतो. कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचे पैसे भरतो, आणि लहान मूल नेहमी कमी खाणाऱ्यांतच असते.

दुसरे कारण ग्राहक अडकलेला असण्याचे. शहरात एक हॉटेल महाग वाटले तर माणूस रस्ता ओलांडून दुसऱ्यात जातो. पार्कमध्ये एकदा आत गेले की रस्ताच संपतो. शिर्डीत साई संस्थानच्या प्रसादालयात भाविकांना मोफत जेवण मिळते, पण पार्कच्या दारातून बाहेर पडल्यावर परत आत घेतील की नाही, यावर तो पर्याय अवलंबून राहतो.

घरचा डबा आत नेता येतो का?

बहुतेक मोठ्या पार्कांत नाही. ही मनाई कायदेशीर आहे का, याचे थेट उत्तर पार्कबाबत नाही तर चित्रपटगृहांच्या खटल्यात सापडते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये मल्टिप्लेक्समधील खाद्यपदार्थांच्या दरांवरून आंदोलने झाली, विधिमंडळात चर्चा झाली. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने चित्रपटगृहात बाहेरचे पदार्थ नेण्यास मनाई करू नये, असा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी तो रद्द केला. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असून प्रवेशाच्या अटी ठरवण्याचा मालकाला हक्क आहे, असे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पी. एस. नरसिंहा यांच्या पीठाने म्हटले.

मात्र या निकालातल्या दोन गोष्टी पालकांच्या कामाच्या आहेत. पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत उपलब्ध हवे, आणि तान्ह्या मुलासाठी पालकांनी आणलेल्या वाजवी अन्नाला चित्रपटगृहे हरकत घेत नाहीत, याची न्यायालयाने नोंद घेतली. निकाल चित्रपटगृहांपुरता असला तरी खासगी जागेचा तर्क पार्कही पुढे करू शकतात. मग पाणी आणि बाळाच्या अन्नाबाबतचा तर्क पालकांनीही पुढे करायला हरकत नाही. बाळाची खीर, मऊ भात, दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेला आहार असेल तर प्रवेशद्वारावर तसे स्पष्ट सांगावे.

बिलात काय तपासावे?

पहिले, सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेस्टॉरंटला बिलात सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या. असे शुल्क दिसल्यास काढायला सांगा.

दुसरे, जीएसटी. पार्कच्या तिकिटावरील कर जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. रेस्टॉरंटच्या जेवणावर साधारणपणे ५ टक्के कर लागतो. तिकीट आणि जेवण एकत्र घेत असाल तर दोन्ही वेगळे दाखवलेत का, हे पाहा.

तिसरे, पाण्याची बाटली. टेबलावर सेवा देणारे रेस्टॉरंट छापील किमतीपेक्षा जास्त दर घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे. नुसत्या विक्रीच्या दुकानाला मात्र ही मुभा नाही. तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल मात्र जपून ठेवायला हवे.

प्लेटचा आकार सरकारने ठरवावा का?

तसा विचार झाला होता. २०१७ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये अन्नाच्या नासाडीचा विषय काढल्यानंतर तत्कालीन ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांनी प्लेटमध्ये किती पदार्थ देतो हे सांगावे, अशी भूमिका घेतली. हॉटेल व्यवसायातून विरोध झाला आणि सक्ती होणार नसल्याचे स्पष्टीकरण आले. पुढे ‘एफएसएसएआय’च्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर कॅलरी आणि सर्व्हिंगचे प्रमाण दाखवणे बंधनकारक झाले. हा आकडा पालकांच्या उपयोगाचा आहे. ९०० किलोकॅलरीची एक प्लेट म्हणजे पाच वर्षांच्या दोन मुलांचे जेवण.

नासाडीचा मुद्दाही किरकोळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील २८ टक्के वाटा हॉटेल-खानावळींसारख्या सेवांचा होता.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेतील ‘डिस्ने वर्ल्ड’मध्ये तीन ते नऊ ही मुलांची वयोमर्यादा आहे; दहावे लागले की बुफेत मोठ्यांचा दर. तीनपेक्षा लहान मूल पालकांच्या ताटातून खाऊ शकते. काउंटरवर मिळणारी मुलांची छोटी थाळी मोठी माणसेही मागवू शकतात. विशेष म्हणजे तिथे काचेच्या वस्तू आणि मद्य वगळता घरचे खाद्यपदार्थ आत नेता येतात. तरीही तिथली उपाहारगृहे ओस पडलेली नाहीत. आपल्याकडे वंदे भारतमध्ये तिकीट काढतानाच ‘जेवण नको’ हा पर्याय मिळतो. पार्कच्या पॅकेजमध्येही तो देणे अशक्य नाही.

निघण्याआधी काय विचारावे?

पार्कला फोन करून पाच प्रश्न विचारता येतील. जेवणाशिवाय तिकीट मिळते का? मुलांचा दर वयावर की उंचीवर? बुफेशिवाय प्लेटने जेवण मिळते का? हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येता येते का? मोफत पाणी कुठे आहे? शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांनी हेच प्रश्न लेखी विचारावेत. एसटी शालेय सहलीला प्रवासात ५० टक्के सवलत देते, पण जेवणाचा दर ठरवताना तिसरीतील आणि दहावीतील विद्यार्थी एकाच रांगेत धरले, तर ती बचत ताटावर निघून जाते.

आत गेल्यावर एकदम चार प्लेट न मागवता आधी दोन घ्याव्यात. लागली तर तिसरी घेता येते. उरलेले बांधून मागावे. बुफेत ती सोय नसते. गाडीत दशम्या, चिवडा, केळी आणि मोसंबी ठेवली तर परतीच्या वाटेवरची भूक भागते. पार्कांनी अर्धी प्लेट अर्ध्याच दरात द्यावी असे नाही. साठ-पासष्ट टक्के दरात दिली तरी त्यांचा स्थिर खर्च निघेल आणि पालकांचा फरकही बराच कमी होईल. पण ती मेन्यूवर छापली जाण्यासाठी आधी कोणीतरी काउंटरवर ती मागायला हवी.