नव्या हाती जुनी गाडी



घरात दोन गाड्या असल्या तर नवी बापाकडे आणि जुनी पोराकडे, हा आपल्याकडचा रिवाज. एकच असली तर तीही बहुधा शहरात कोणी वापरून सोडलेली, दहा-पंधरा वर्षांची. शेतमालाच्या भावात नवी गाडी बसत नाही, हे खरेच. पण परिणाम असा होतो, की ज्याचा हात सगळ्यात कच्चा त्याच्याच वाट्याला सगळ्यात खिळखिळी गाडी येते.

बैलांच्या बाबतीत आपण असे करत नाही. नवा गोऱ्हा मुरलेल्या बैलाच्या जोडीला लावतो. नवख्या पोराच्या हाती मारक्या बैलाचा कासरा देत नाही. गाडीची किल्ली देतानाच हे शहाणपण कुठे जाते?

२०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे दोनतृतीयांश १८ ते ४५ वयाची, म्हणजे घर चालवणारी. बुडालेले पीक पुढच्या साली पुन्हा पेरता येते. कर्ता पोरगा गेला तर काय पेरणार?

जुन्या गाडीत कमी काय असते ते समजून घ्या. चालकापुढची एअरबॅग आणि चाक जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेकची सोय, दोन्ही नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या त्या २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच साध्या गाड्यांत त्या नाहीत. अशा गाडीचा ब्रेक घाबरून करकचून दाबला, की चाके जाम होतात, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवले तरी वळत नाही. मुरलेला ड्रायव्हर ब्रेक सोडून पुन्हा दाबतो. नवख्याला ते सुचत नाही. त्यात वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर चौपट लागते. ४० वर जमले ते ८० वर जमत नाही.

आता पैशाचे. डेक आणि स्पीकरला पैसे निघतात, टायरला निघत नाहीत, हे घरोघर दिसते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर बदला. ब्रेक, हेडलाइट आणि पट्टे मिस्त्रीकडून तपासून घ्या. मागच्या सीटचे पट्टेही बाहेर काढा, ते गादीखाली दडपून ठेवायला दिलेले नाहीत.

लायसन अठराव्या वर्षी मिळते, हात बसायला वेळ लागतो. पहिले काही महिने शेजारी जाणते माणूस बसवा. रात्रीच्या वरातीला पाच-सहा दोस्त कोंबून गाडी जाऊ देऊ नका. आणि आपली उसाची ट्रॉली रात्री लाल रिफ्लेक्टरवाचून रस्त्यावर आणू नका. मिणमिणत्या दिव्याच्या जुन्या गाडीतून मागून येणारे पोर आपल्याच गावचे असते.

सभेहून घरी गेलात, की पहिले काम टायरवरचे आकडे वाचण्याचे करा. किल्ली द्यायची की नाही ते मग ठरवा.