सभा होती आणि सभा झाली

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. घरात आता भांडण रंगत नाही (ह्यांना ऐकू कमी येतं आणि जेवढं येतं तेवढ्यालाही ते हो म्हणतात), म्हणून इथे लिहिते आहे. भांडण स्पॅनिश भाषेतल्या भूतकाळांवरून आहे. हसू नका. आणि नातेवाईकांनी लगेच फोन करून 'आई, आता हे काय नवीन?' असंही विचारू नये.

नवीन काही नाही. नातीने शाळेत स्पॅनिश घेतलं, तिच्या वह्या चाळता चाळता मलाही गोडी लागली. गेली दोन वर्षं रोज दुपारी तासभर मी हे करते. माझं बी.ए. मराठी विषय घेऊन, मराठी माध्यमातून झालेलं. एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी पोरांना काळ, विभक्ती आणि समास शिकवले. त्यामुळे व्याकरण दिसलं की सासूबाईंचा जुना डबा सापडल्यासारखं होतं, उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही.

तर भांडण कशावरून? स्पॅनिशमध्ये साध्या बोलण्यातले दोन मोठे भूतकाळ आहेत. एक 'इंदेफिनीदो', दुसरा 'इंपेर्फेक्तो'. 'आब्ले' म्हणजे मी बोलले आणि 'आब्लाबा' म्हणजे मी बोलत होते, किंवा मी बोलत असे. केव्हा कुठला वापरायचा, इथे शिकणाऱ्यांची दमछाक होते. क्लासमध्ये त्यावर एक छापील कागद वाटतात. कागद इंग्रजीत. त्यावर दोन रकाने. 'काल', 'गेल्या वर्षी', 'एकदा' हे शब्द दिसले की इंदेफिनीदो. 'नेहमी', 'रोज', 'लहानपणी' दिसले की इंपेर्फेक्तो. खाली टीप: इंग्रजीत 'वॉज डुइंग' किंवा 'युज्ड टू' बसत असेल तर इंपेर्फेक्तो घ्या. पोरं हे पाठ करतात आणि परीक्षेत धडाधड पडतात.

माझं म्हणणं असं, की हा कागद इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेलं औषध आहे. ज्यांना तो आजार नाही अशा आपल्या मराठी पोरांना ते पाजण्यात येत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एक उदाहरण देते, त्यात सगळं येतं. 'ला रेऊनिओन एरा आ लास सिंको' आणि 'ला रेऊनिओन फ्वे आ लास सिंको'. इंग्रजीत दोन्हींचं भाषांतर एकच: मीटिंग वॉज ॲट फाइव्ह. इंग्रज मूल इथे डोकं धरून बसणार, बिचाऱ्याचा इलाज नाही. पण आपण? पहिलं वाक्य: सभा पाच वाजता होती. दुसरं: सभा पाच वाजता झाली. पहिल्यात सभा ठरलेली होती, भरली की नाही देव जाणे. दुसऱ्यात भरली, लोक आले, चहा पिऊन गेले. आमच्या गावात ज्याने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही तो माणूससुद्धा 'सभा होती' आणि 'सभा झाली' यांत गल्लत करणार नाही. मग त्याच्या नातवाला हा फरक 'वॉज'मधून का शिकवायचा, जिथे तो दिसतच नाही?

पुढे याच कागदाच्या मागे 'अर्थ बदलणारी क्रियापदे' म्हणून एक तक्ता असतो. साबेर म्हणजे माहीत असणे, पण इंदेफिनीदोत त्याचा अर्थ बदलतो म्हणे. कोनोसेरचा बदलतो, केरेरचा बदलतो. अहो, अर्थ कुठे बदलतो? 'साबिआ' म्हणजे मला माहीत होतं. 'सुपे' म्हणजे मला माहीत झालं, कळलं. 'कोनोसिआ' म्हणजे ओळख होती, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'नो केरिआ इर', मला जायचं नव्हतं (तरी गेले असेन, लग्नकार्यात असं आपण सगळेच करतो). 'नो किसे इर', मी जायला तयारच झाले नाही, नाही म्हटलं म्हणजे नाही. होती आणि झाली, एवढाच खेळ आहे. इंग्रजीला प्रत्येक वेळी नवा शब्द शोधावा लागतो म्हणून त्यांना वाटतं अर्थ बदलला. ती अडचण त्यांची. आपण ती पाठ करायचं कारण काय?

आता त्या 'नेहमी' आणि 'काल'च्या याद्यांकडे येते. 'सिएम्प्रे मे आयुदो', त्यांनी मला नेहमी मदत केली. 'सिएम्प्रे मे आयुदाबा', ते मला नेहमी मदत करत. दोन्हींत 'नेहमी' आहे. पहिलं वाक्य आपण कधी म्हणतो? सगळं झाल्यावर, मागे वळून बेरीज करताना. निरोप समारंभात म्हणतो तसं. दुसरं म्हणताना आपण त्या दिवसांत जाऊन बसलेलो असतो. आणि 'काल'? 'आयेर योबिआ क्वान्दो साली दे कासा', काल मी घरातून निघाले तेव्हा पाऊस पडत होता. 'काल' आहे, तरी पावसाला इंपेर्फेक्तोच. शब्द बघून काळ ठरवणं म्हणजे छत्री दिसली की पावसाळा म्हणण्यापैकी आहे.

मी नातीला कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, कहाणी सांग. श्रावणात ऐकतेस ना? आटपाट नगर होतं. तिथे एक गरीब बाई राहत असे. तिला दोन मुली होत्या. ती रोज देवळात जाई. इथपर्यंत सगळं इंपेर्फेक्तो, एकही क्रियापद सुटत नाही. मग सांगणारी आजी जरा थांबते आणि म्हणते, एके दिवशी काय झालं! त्या 'झालं'पासून पुढे गाडी इंदेफिनीदोच्या रुळावर. एक म्हातारी आली, तिने भिक्षा मागितली, बाई उठली. मधेच 'म्हातारीच्या हातात काठी होती' आलं की पुन्हा क्षणभर इंपेर्फेक्तो. स्पॅनिश आज्याही अशीच सुरुवात करतात, 'आबिआ ऊना बेस' किंवा 'एरासे ऊना बेस', आणि मग 'ऊन दिआ', एके दिवशी. नात म्हणाली, "आजी, हे तर मला येतंच होतं." तेच तर म्हणते मी!

आपल्या शाळेच्या व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार भूतकाळ आपण सातवी-आठवीत घोकले आहेत. मी गेले, जात होते, गेले होते, जात असे. इंपेर्फेक्तो म्हणजे आपला अपूर्ण आणि रीती, दोघे एका घरात नांदणारे. हे एक वाक्य फळ्यावर लिहायला कितीसा वेळ लागतो?

आता कोणी म्हणेल, बाई, मराठीवर इतका भरवसा ठेवला तर मराठीनेही फसवलं म्हणजे? फसवते ना. दोन ठिकाणी चांगलीच फसवते, आणि माझा खरा राग इथेच आहे, कारण त्या इंग्रजी कागदावर याबद्दल अक्षर नाही.

पहिली जागा म्हणजे मोजलेला काळ. 'तीन दिवस मी आजारी होते.' आपलं 'होते' ऐकून पोर 'एस्ताबा' लिहून मोकळं होतं. पण स्पॅनिशमध्ये तीन दिवस मोजले, गाठ मारली, संपलं, म्हणून 'एस्तुबे'. मी एकतीस वर्षं शिकवलं, 'एन्सेन्ये'. एकतीस वर्षं म्हणजे लांबलचक म्हणून इंपेर्फेक्तो, असं नाही. काळ किती लांब याला महत्त्व नाही. त्याची दोन्ही टोकं तुम्ही हातात धरली आहेत का, एवढंच विचारायचं. मराठीत 'दहा वर्षं पुण्यात राहिलो' आणि 'दहा वर्षं पुण्यात राहत होतो' दोन्ही चालतं. स्पॅनिशमध्ये तिथे 'बिबी' हवं.

दुसरी जागा त्याहून वाईट. आपण म्हणतो, 'काल मी बाजारात गेले होते.' पुढे काही घडलेलं नसताना म्हणतो! जाऊन परत आले, एवढाच अर्थ. स्पॅनिशमध्ये असं वाक्य शब्दाला शब्द ठेवून 'आयेर आबिआ इदो आल मेर्कादो' म्हटलं, की समोरचा वाट बघत बसतो: बरं, गेली होतीस, आणि मग काय झालं? कारण त्यांचा पूर्ण भूतकाळ दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या आधीचं सांगण्यासाठी आहे. मी पोहोचले तेव्हा गाडी सुटली होती, तिथे तो हवा. नुसतं बाजारात जाऊन आलात तर 'फुई', मी गेले, बस. हीच खोड आपल्या इंग्रजीतही आहे, 'यस्टर्डे आय हॅड गॉन' आपण सर्रास ऐकतो. म्हणजे ही चूक मराठी मूल करणारच, हे कोणीही शिक्षक आधी सांगू शकला असता. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी मूल नाहीच. त्याला नसलेल्या आजारावर औषध, आणि असलेल्या आजाराची चौकशीसुद्धा नाही.

हे सगळं मी नातीसाठी लिहिलं असतं तर एवढा आवाज चढवला नसता. तिचं इंग्रजी पक्कं आहे, ती कशीही तरून जाईल. पण माझा एक जुना विद्यार्थी, वडील टेम्पो चालवायचे, दहावीपर्यंत मराठीत शिकलेला, हुशार. नोकरीसाठी स्पॅनिश शिकावं म्हणून शहरातल्या एका क्लासला गेला. नाव मला माहीत आहे, लिहिणार नाही. दोन महिन्यांत त्याला सांगण्यात आलं, आधी इंग्रजी सुधार, मग ये. तो आला माझ्याकडे. "बाई, मला स्पॅनिश समजतंय, स्पॅनिश समजावून सांगतात ते समजत नाही." हे वाक्य ऐकून मला रात्री झोप लागली नाही. 'युज्ड टू' न कळल्यामुळे ज्याला 'आब्लाबा' नाकारलं, तो लहानपणापासून 'बोलायचो' म्हणत मोठा झालेला आहे.

माझ्या सूनबाईंचं म्हणणं, मधे कुठलीच भाषा नको, स्पॅनिश थेट स्पॅनिशमधून शिकावी. छान. तसं कोणी करत असेल तर मी गप्प बसेन. पण वर्गात मधे इंग्रजी बसलेलीच आहे, खुर्ची टाकून. मग तिच्या शेजारी मराठीला एक स्टूल द्यायला काय हरकत आहे?

यात मला पाठिंबा मिळाला तो एका स्पॅनिश वैयाकरणाचाच. आंद्रेस बेय्यो, जन्म १७८१, काराकासचा. पुढे चिलीत स्थायिक झाला. १८४७ साली त्याने सांतियागोत स्पॅनिशचं व्याकरण छापलं, आणि ते अमेरिका खंडातल्या आपल्या लोकांच्या वापरासाठी आहे, असं शीर्षकातच सांगितलं. लॅटिनचा साचा आणून स्पॅनिशवर दाबू नका, हे त्याचं म्हणणं. इंपेर्फेक्तोला त्याने नाव दिलं 'कोप्रेतेरितो'. 'को' म्हणजे सह. दुसरं काही घडलं तेव्हा त्याच्या सोबतीला चालू असलेला भूतकाळ. सहभूत म्हणा हवं तर. निघाले तेव्हा पडत असलेला पाऊस! मेक्सिकोत मुलांना हे नाव अजून शिकवतात. दोन रकान्यांच्या त्या कागदापेक्षा या एका नावात जास्त व्याकरण आहे.

तिसऱ्या भूतकाळाचं थोडक्यात. 'ए कोमिदो', मी जेवले आहे. माद्रिदला आज सकाळचं, आत्ताचं सांगताना हाच वापरतात. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आयरेसला तिथे सरळ 'कोमी', जेवले. कागदावर फक्त माद्रिदचं लिहिलेलं असतं आणि मेक्सिकोचं बोललेलं पोर चूक ठरतं. आपण 'जेवलीस का' आणि 'जेवली आहेस का' दोन्ही विचारतो आणि दोन्हींना उत्तर मिळतं, त्यामुळे मी यावर फार रागावत नाही.

असो. तो विद्यार्थी आता रविवारी सकाळी येतो. मागच्या रविवारी नातही येऊन बसली. चहा ठेवते, पोहे करते आणि कहाण्यांपासून सुरुवात करते. तुमच्यापैकी कोणाला स्पॅनिश येत असेल तर एक मदत हवी आहे. 'मिएन्त्रास' म्हणजे 'असताना, करत असताना' याची चांगली वीसेक वाक्यं मला हवी आहेत, रोजच्या घरातली, पुस्तकी नकोत. कुकरची शिट्टी होत असताना बेल वाजली, अशी.