वाकणारे आणि मोडणारे

पुरातून वाचणारे तुकोबांचे लव्हाळे आपल्या ओळखीचे. फ्रान्सात ला फोंतेनने १६६८ साली असेच शहाणपण सांगितले: ताठ ओक वृक्ष उन्मळला, वाकणारा बोरू तगला. पण १९६२ साली ज्याँ आनुईने तीच गोष्ट नव्याने लिहिली. तीत बोरू पडलेल्या ओकला खिजवतो, आणि जखमी ओक त्याला सुनावतो की, पडूनही आपले ओकपण गेलेले नाही!

आमच्या गडचांदूरच्या आसपास सागही आहे नि बांबूही. वादळात साग आडवा झाला की आम्ही म्हणतो, ‘फार ताठ होता बुवा!’ त्याची तुळई होते, हे विसरतो. आणि साहेबाची गाडी दिसताच कमरेत वाकतो.

वाचकहो, तुकोबांनी शिकवली नम्रता. आम्ही शिकलो लाचारी, आणि तिच्यावर नाव मात्र तुकोबांचे घातले!