आधी ‘कुठून आलात?’, मग ‘काय देऊ?’

अनोळखी माणूस दिसला की आपल्यातले निम्मे जण लगेच खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतात. मीही काढायचो. नांदेडला एसटीत, लग्नात, दिसेल त्याला कार्ड दिलं. एकाचाही फोन आला नाही.

डोळे उघडले ते माहूरला. रेणुकामातेच्या गडाखाली एक ताई तांबूल विकायच्या. बचत गटाचे दोन हप्ते थकलेले. शेजारच्या दुकानांतही तेच तांबूल, त्यामुळं भाव पाडून काही उपयोग नव्हता. पण बाई हाका मारत नव्हत्या. "माय, कुठून आलात? दत्तशिखर झालं का?" एवढं विचारायच्या आणि ऐकत बसायच्या. पुसदच्या एक आजी बोलता बोलता म्हणाल्या, "शेजारणीसाठी न्यायचं होतं, पण कागदातून रस गळतो, पिशवीला डाग पडतात." पुढच्या आठवड्यात ताईंनी झाकणाच्या छोट्या डब्या आणल्या. आता लोक चार-चार डब्या घरी नेतात, अन् हप्ता वेळेवर जातो.

बघा, ही गोष्ट विकायच्या घाईत कळली नसती. म्हणून माझं मत असं, की गप्पांत आपला माल सगळ्यात शेवटी यावा. नाही आला तरी बिघडत नाही.

मात्र नवरात्रात घामाघूम झालेल्या माणसाला गप्पा नको असतात, त्याला वाट द्या. आणि एकट्या बाईला "कुठं उतरलात?" असं कधीच विचारू नका. हे ताईंनीच मला बजावलं.

माझी उरलेली कार्डं वाया गेली नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर लोकांनी सांगितलेलं लिहून ठेवतो.